अहेराची पेटी
भाचीच्या निकाहला अहेर काय द्यायचा? उधारीवर महागडी वस्तू घेण्याऐवजी आम्ही घरीच सागवानी पेटी करायला घेतली. झाकणावर जाळी हवी होती. शिसमावरच्या अशाच जाळीकामासाठी सहारनपूर प्रसिद्ध आहे. आधी ड्रिलने भोक पाडायचे, त्यातून फ्रेटसॉचे पाते ओवायचे आणि दाते खालच्या दिशेला ठेवून सावकाश नक्षी कापायची. पहिले झाकण तडकले. लाकूड ओले होते. अब्बा म्हणाले, "बेटा, लाकडाला घाई चालत नाही." मग चांगली वाळलेली फळी आणली. 80, 120 आणि शेवटी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. लग्नात भारी भेटींपुढे पेटी आम्हालाच लहान वाटली. भाचीने मात्र निकाहनामा तिच्यातच ठेवला.