सोनं पायाखाली, पाणी ५३० किलोमीटर दूर! कॅराव्हॅनमधून दिसणाऱ्या 'त्या' पाइपची गोष्ट

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थहून कॅराव्हॅन घेऊन पूर्वेकडे निघालं की, हायवेच्या कडेने एक जाडजूड पोलादी पाइप बराच वेळ सोबत करतो. सुमारे ५६० किलोमीटरवर कूलगार्डी हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव लागतं. या पाइपचा आणि गावाचा संबंध काय? जाणून घेऊया.

गाव कसं वसलं?
१८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना इथे सोनं सापडलं. काही वर्षांतच हजारो लोक येऊन थडकले.

अडचण काय होती?
जवळ नदी नाही, पाऊसही तुरळक. खारं पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवलेलं गोडं पाणी विकत घ्यावं लागे. त्यातच टायफॉइडने अनेकांचा बळी घेतला.

पाणी कसं आलं?
इंजिनीअर सी. वाय. ओ'कॉनर यांनी पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून ५३० किलोमीटरची पाइपलाइन आखली. पाणी चढावर ढकलायला ८ पंपिंग स्टेशन उभारली. योजनेवर जहरी टीका झाली. मार्च १९०२ मध्ये ओ'कॉनर यांनी आयुष्य संपवलं. जानेवारी १९०३ मध्ये योजनेचं उद्घाटन झालं.

आज काय दिसतं?
रुंद रस्ता, दगडी इमारती, संग्रहालय आणि मोजकी वस्ती. पाणी पोहोचेपर्यंत कूलगार्डीची भरभराट ओसरू लागली होती. पाइपलाइन मात्र आजही या भागाला पाणी पुरवते.

लक्षात ठेवा: डिसेंबर ते फेब्रुवारी इथे कडक उन्हाळा असतो. कॅराव्हॅनची पाण्याची टाकी भरूनच निघा.