इस्तंबूल : नौकेंतून

इस्तंबूलला एकट्यानें जाणाऱ्यानें आधीं मशिदींकडे न धांवतां एमिनोन्यूच्या धक्क्यावरून उस्कुदारची नौका धरावी, असें आम्हांस वाटतें. सोबत्याची मर्जी सांभाळावयाची नसते. कठड्याशीं हवें तितकें उभें राहावें. हें नगर पाण्यानें घडविलें, हें तेथूनच कळतें. गोल्डन हॉर्न ही खाडी म्हणजे उत्तम बंदर. शत्रूची गलबतें आंत शिरूं नयेत म्हणून तिच्या मुखाशीं लोखंडी सांखळी ताणीत. १४५३ सालीं सुलतान दुसरा महंमद यानें आपलीं जहाजें गलात्यामागील टेकडीवरून ओढून खाडींत उतरविलीं. पुढें कांहीं आठवड्यांतच शहर पडलें. धक्क्यावरून ती टेकडी नुसती घरांची गर्दी भासते. नौकेंतून तिचा चढ पाहिला म्हणजे त्या श्रमांची कल्पना येते. समोर आशियाचा किनारा. परततांना सायंकाळची नौका घ्यावी. सूर्य तेव्हां आयासोफिया व सुलेमानिये यांच्या घुमटांमागें उतरत असतो.