डोळे आले : औषधाची बाटली आणि आपली टोळी



गेल्या हंगामात आमच्या गटातील एका तोडणी टोळीत एकाचे डोळे आले आणि आठवडाभरात निम्मी टोळी कोपीत बसली. मुकादमाने दुकानातून थेंबांची बाटली आणली, तीच सगळ्यांच्या डोळ्यांत फिरली. लाली ओसरली, पण साथ हटेना. "साहेब, एवढी औषधं निघाली, मग डोळ्यालाच का नाही?" असे त्याने विचारले. त्याचे उत्तर येथे देत आहे.

साथीचे डोळे बहुधा विषाणूमुळे येतात. १९६९ मध्ये घाना देशात उद्भवलेली अशीच साथ १९७१ मध्ये भारतात पोहोचली होती. विषाणू आपल्याच पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो. उसावरचा मोझॅक जसा फवारणीने बरा होत नाही, तसेच हे. विषाणू मारावा तर पेशीलाही इजा.

तरीही वाट सापडली आहे. नागिणीच्या जातकुळीतील हर्पिस विषाणू बुबुळावर जखम करतो. त्यावर १९६२ मध्ये डॉ. कॉफमन यांनी आयडॉक्सयुरिडीन यशस्वीपणे वापरले. हे औषध म्हणजे विषाणूच्या बांधकामात घातलेली खोटी वीट. पण ती निरोगी पेशीतही बसे. पुढे आलेले असायक्लोव्हिर हर्पिसच्याच एका विकराने जागे होते, म्हणून निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचते.

साथीतील अ‍ॅडिनोव्हायरसकडे तो विकर नाही, म्हणून तेथे असायक्लोव्हिर लागू पडत नाही. सिडोफोव्हिरचे थेंब करून पाहिले. विषाणू कमी झाला, पण काहींच्या अश्रूंच्या नळ्या बुजल्या. पोव्हिडोन आयोडीनचेही प्रयोग झाले आहेत. साथीच्या डोळ्यांवर खात्रीचे विषाणूरोधक औषध मात्र अजून हाती आलेले नाही.

मग करायचे काय? प्रतिजैविक थेंबांनी विषाणू मरत नाही. स्टिरॉइडने लाली लपते, पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस टिकतो. हर्पिस असेल तर बुबुळावर फूल पडून नजर जाऊ शकते. म्हणून असे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घालू नयेत.

ज्याचे डोळे आले त्याचा टॉवेल, उशी, बाटली वेगळी ठेवा. साबणाने हात धुवा, डोळे चोळू नका. दुखणे वाढले, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

रोगट बेणे आपण बांधाबाहेर ठेवतो ना? तोच नियम येथे. दोन दिवसांची तोड मागे पडली तर भरून निघेल, गेलेली नजर भरून निघत नाही.

– ऊस विकास अधिकारी