आधी जाणणे, मग दया

दशवैकालिक सूत्राने साधकासाठी आधी ज्ञान आणि मग दया असा क्रम लावून दिला आहे. जीव कोणता, तो कोठे राहतो, कशावर जगतो, हे ज्यास ठाऊक नाही तो त्याचे रक्षण कसे करणार, असा त्यामागील विचार आहे. जीवदयेसाठी आपला समाज सढळ हाताने दान देतो. पांजरापोळी आणि पक्ष्यांची रुग्णालये याची साक्ष देतात. परंतु जीवांना जाणून घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या निसर्ग-अभ्यासकांचे ऋण आपण क्वचितच मानतो. ते मानण्याची संधी दरवर्षी नोव्हेंबरात येते.

महाराष्ट्र शासन 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा करते. सप्ताहाचा आरंभदिन हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, तर समाप्तीचा दिवस डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करीत असताना आदिवासी आणि पारधी यांच्याकडून पक्ष्यांची नावे व सवयी जाणून घेतल्या आणि ते ज्ञान ‘पक्षिकोशा’सारख्या ग्रंथांद्वारे मराठीत आणले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जून रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.

सालिम अली यांचे चरित्र व्यापारी कुटुंबांना विशेष जवळचे वाटावे. तरुणपणी ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणी व इमारती लाकडाच्या व्यवसायात होते. मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर्स महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र यांचे शिक्षण घेतले. पुढे मात्र त्यांनी जमाखर्च मांडला तो पाखरांचा. अलिबागजवळील किहीम येथे 1930 मध्ये सुगरण पक्ष्याची घरटी दिवसेंदिवस न्याहाळून त्यांनी केलेल्या नोंदी प्रसिद्ध आहेत. त्यांना पद्मविभूषण मिळाले. परंतु त्यांचा खरा ठेवा या नोंदींत आहे.

नोंद ठेवण्याची ही परंपरा मुंबईत जुनी आहे. 1883 मध्ये आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. याच संस्थेशी निगडित हुमायून अब्दुलअली (1914-2001) यांचे कार्य तर अहिंसा मानणाऱ्या प्रत्येकाने आठवावे असे आहे. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा व्यापार भारतात एके काळी जोरात होता. बेडूक शेतातील किडींचा फडशा पाडतो, हे अभ्यासाच्या आधारे मांडून त्यांनी या निर्यातीस विरोध केला. 1987 मध्ये तिच्यावर बंदी आली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. येथे आवाहनाला अभ्यासाचे बळ मिळाले आणि असंख्य जीव वाचले.

हे सर्व दूरचे नाही. आपल्या दिघ्याच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांदरम्यानच्या क्षेत्रास 2015 मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित करण्यात आले आणि 2022 मध्ये त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींत झाला. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांचा प्रवास जाणण्यासाठी सोसायटीने 2022 मध्ये काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविली. त्यांना नावे दिली ती हुमायून, सालिम आणि कच्छचे महाराव खेंगारजी यांची. एकाचे नाव ‘नवी मुंबई’ असे ठेवले. ‘हुमायून’ येथून उडाला तो गुजरातेत उतरला. अभ्यासकाचा याहून समर्पक सन्मान कोणता?

पारव्याला मूठभर ज्वारी घातली की पुण्य पदरी पडले, असे आपण मानतो. धाकट्या रोहिताला ज्वारी चालत नाही. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातील सूक्ष्म शैवाल हे त्याचे मुख्य अन्न. म्हणजे त्याच्यावर दया करणे याचा अर्थ खाडीत भरतीचे पाणी वाहते ठेवणे. नेरुळच्या डीपीएस सरोवरात हे पाणी अडले, तेव्हा ते कोरडे पडले आणि रोहित संकटात आले. निसर्गप्रेमी नागरिकांनी हे पुनःपुन्हा शासनाच्या नजरेस आणले. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सरोवरास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. पाहणारे आणि नोंद ठेवणारे कोणी नसते, तर त्याची जागा उरली असती का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

पक्षी सप्ताह बहुधा ज्ञानपंचमीच्या आगेमागे येतो. त्या दिवशी आपण ग्रंथांची पूजा करतो, लाभपंचमी म्हणून नव्या वहीचा मुहूर्त करतो. त्याच सुमारास दिघा, ऐरोली परिसरातील संघांनी खाडीकाठच्या एखाद्या अभ्यासकास, पक्ष्यांची मोजणी करणाऱ्या एखाद्या शिक्षकास किंवा खाडीची नाडी ओळखणाऱ्या कोळी बांधवास सन्मानाने बोलवावे. शाल-श्रीफळाबरोबर त्याच्या कामासाठी दुर्बीण किंवा त्याच्या नोंदी छापण्याचा खर्च द्यावा. पाठशाळेच्या मुलांना ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र दाखवावे आणि प्रत्येकाच्या हाती एक कोरी वही द्यावी. दिवस, वेळ, पक्षी आणि संख्या, एवढे चार रकाने तीत पुरेत. हिशेब ठेवणे हे तर आपल्या घराण्यांतील मुलांच्या रक्तातच आहे.