पटावरचे नाव आणि पुस्तकातील अक्षर

मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, म्हणजे ते शिकत आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. अध्यापनाच्या पहिल्या वर्षी मीही तसेच धरले होते. तिसरीतील एक मुलगा धडा अस्खलित म्हणून दाखवी आणि मी त्यास शाबासकी देई. एके दिवशी मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले, तेव्हा तो गप्प झाला. धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हता. दोष त्याचा नव्हे, माझा होता. वर्षभर मी तसे कधी विचारलेच नव्हते.

हाच साधा प्रश्न भारतातील खेडोपाडी विचारण्याचे कार्य ‘प्रथम’ या संस्थेने हाती घेतले. १९९५ साली मुंबईतील वस्त्यांमधून तिच्या कार्यास आरंभ झाला व २००५ पासून ती ‘असर’ नावाची पाहणी करीत आली आहे. प्रत्येक जिल्ह्यातील ३० गावांत, गावागणिक २० घरी स्वयंसेवक जातात. परीक्षा घरीच, एकेका मुलाची, तोंडी होते. एका कागदावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कोठे अडते, हे शेजारी बसलेल्या निरक्षर आईलाही उमगते.

२०२४ च्या पाहणीत ६ ते १४ वर्षांची सुमारे ९८ टक्के ग्रामीण मुले पटावर आढळली. परंतु सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी अवघी २३.४ टक्के होती. महामारीनंतर, २०२२ साली, तर हे प्रमाण १६.३ टक्के होते.

मात्र मोजणे म्हणजे शिकविणे नव्हे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये याचा प्रयोग झाला. गावसभेत नुसती माहिती दिल्याने शाळांत काही पालटले नाही. गावच्याच तरुणांना वाचन शिकविण्याची सोपी पद्धत दाखवून त्यांनी वर्ग चालविले, तेव्हा तेथे आलेली मुले वाचू लागली. इयत्ता बाजूस ठेवून पातळीनुसार गट पाडण्याची ‘प्रथम’ची रीत पुढे आफ्रिकेतील देशांतही गेली.

वाचकहो, घरातील नातवंडाची गुणपत्रिका क्षणभर मिटून ठेवा. त्याला शेजारी बसवा, न शिकविलेले पान उघडा आणि एका ओळीवर बोट ठेवा. ते अडखळले तर रागावू नका. तेथूनच शिकविण्यास आरंभ करावयाचा असतो.