खांदा कामावर जायबंदी होतो, भरपाई कागदावर ठरते

कोल्हापूरजवळच्या उचगावात राहणाऱ्या माणसाला कामासाठी फार लांब जावं लागत नाही. महामार्गाने उत्तरेला शिरोलीची एमआयडीसी, दक्षिणेला गोकुळ शिरगावची, आणि शेजारीच गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ. फौंड्रीत साच्याच्या पेट्या उचलणारे, कास्टिंग ग्राइंडरवर घासणारे, मशिनवर जड जॉब चढवणारे, गांधीनगरात कापडाच्या गाठी वाहणारे कामगार या पट्ट्यात घराघरांत आहेत. या साऱ्या कामांचा भार ज्या सांध्यावर येतो, तो खांदा. तो एकदा निखळला, त्यातली शीर तुटली किंवा हाड मोडलं, तर दवाखान्याच्या खर्चापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. उद्यापासून घर कशावर चालणार?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कामगाराने फार पूर्वी विचारला आहे. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली आठवड्याच्या सुट्टीची मागणी सर्वांच्या लक्षात आहे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. जखमेची भरपाई कायद्यात यायला मात्र १९२३ साल उजाडलं आणि १ जुलै १९२४ पासून कामगार नुकसानभरपाई कायदा लागू झाला. तेव्हापासून ही रक्कम मालकाच्या दयेवर सोडलेली नाही. ती कामगाराची आहे. ती हातात पडत नाही याचं कारण बहुतेक वेळा कायद्यात नसून पहिल्या काही दिवसांच्या कागदांत असतं.

न दिसणारी जखम

तुटलेलं बोट सगळ्यांना दिसतं. खांद्याचं तसं नाही. शरीरात सर्वांत जास्त दिशांना फिरणारा हा सांधा. त्यातला दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खोबण उथळ, म्हणून त्याला जागेवर धरून ठेवण्याचं काम भोवतालच्या चार स्नायूंच्या शिरांवर असतं. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. पेटी उचलताना झटका बसून यातली शीर फाटली, तर साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर हात काही आठवडे झोळीत राहतो, मग महिनोन्महिने व्यायाम. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, पण डोक्याच्या वर हात नेऊन चेन-ब्लॉकची साखळी ओढायला सांगितली की हात अर्ध्यावर अडतो.

यातून दाव्याला विरोध करणाऱ्या पक्षाचं नेहमीचं उत्तर तयार होतं: ही वयाची झीज आहे, कामाशी संबंध नाही. चाळिशीनंतर कसलाही त्रास नसलेल्या माणसाच्या एमआरआयतही झीज दिसू शकते, म्हणून हे उत्तर वरवर खरं वाटतं. त्याला तोड एकच. अपघाताच्या दिवशी लिहिलेला केसपेपर.

पहिल्या दिवशी काय सांगायचं

अपघातानंतर दवाखान्याच्या वाटेवर कानात सांगितलं जातं, “घरात पाय घसरला म्हणून सांग, खर्चाचं आम्ही बघतो.” सांगणारा कधी सुपरवायझर असतो, कधी ठेकेदाराचा माणूस. दुखण्याने कासावीस झालेला माणूस मान डोलावतो. ते एक वाक्य केसपेपरवर उतरलं की पुढे साक्षीपुराव्याने ते पुसणं फार कठीण जातं. कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो, कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) दवाखाना असो की खासगी, डॉक्टरांना खरं तेच सांगायचं: कुठे, किती वाजता, कोणतं काम करताना, कोणता हात. आणि ते तसंच लिहिलं गेलंय का, हे घरच्या कुणीतरी वाचून बघायचं.

दुसरी गोष्ट, मालकाला लेखी कळवायचं. कायदा सांगतो की शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी. साध्या कागदावर चार ओळी आणि पोचेची सही पुरते. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावं, व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवून ठेवावं. कारखान्यात अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर त्याची नोटीस कारखाना निरीक्षकाकडे जायला हवी. ती गेली का, हे विचारायचा हक्क कामगाराला आहे. शेजारच्या मशिनवर कोण होतं त्यांची नावं, हजेरीचा फोटो, पगाराची पावती किंवा बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, औषधांची बिलं, एमआरआयचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, सगळं एका पिशवीत ठेवायचं.

वाटा दोन, पण एकच आपली

भरपाईच्या दोन वाटा आहेत आणि कामगाराला त्यांतली एकच लागू होते. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना राज्य विमा योजनेत येत असेल, तर वाट ईएसआयची. अशा कामगाराला मालकाविरुद्ध वेगळा नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही.

ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला किती हप्ते भरले याची अट नाही. कामावरचा पहिला दिवस असला तरी संरक्षण आहे. उपचार चालू असेपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अधूपण राहिलं तर वैद्यकीय मंडळ कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात तहहयात दरमहा रक्कम सुरू होते. समजा सरासरी मजुरी रोज ६०० रुपये आहे आणि मंडळाने ४० टक्के नुकसान ठरवलं, तर रोजचे २१६ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे साडेसहा हजार, आयुष्यभर. मंडळाचा निर्णय पटला नाही तर त्यावर अपील आहे. तात्पुरत्या अधूपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मालकाने हप्ते भरण्यात कसूर केली असेल, तर ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

ईएसआय लागू नसेल, तर दुसरी वाट १९२३ च्या कायद्याची. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने लक्षात ठेवावं की ज्याच्या धंद्याचं काम चालू होतं तो मूळ मालकही जबाबदार असतो. ठेकेदार गायब झाला म्हणून दावा बुडत नाही. माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या हमालांनाही १९६९ च्या माथाडी कायद्याने हे संरक्षण दिलं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले. भरपाईचं मूळ सूत्र तेच ठेवलं आहे. त्या तारखेआधीच्या अपघातांचे हक्क जुन्या कायद्यानुसार टिकून आहेत.

टक्के कशाचे?

संपूर्ण कायमच्या अधूपणाला महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, हे सूत्र. १९२३ च्या कायद्याखाली हिशोबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५ हजार धरली जाते, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. म्हणजे १५ हजारांचे ६० टक्के, ९ हजार, गुणिले १८४.१७, एकूण १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. अधूपण अंशतः असेल तर यातले तेवढे टक्के.

कायद्याच्या परिशिष्टात हात खांद्यापासून गेला तर ९० टक्के असं छापलेलं आहे, आणि अवयव जागेवर असूनही त्याचा उपयोग पूर्णपणे व कायमचा संपला तर तो गेला असंच धरायचं, अशी टीपही आहे. पण फाटलेली शीर, अर्धवट उचलला जाणारा हात, वारंवार निखळणारा सांधा यांना परिशिष्टात जागा नाही. तिथे डॉक्टरांनी कमाईच्या ताकदीतली घट किती ते प्रमाणित करावं लागतं.

इथे अनेक दावे अडखळतात. सरकारी दवाखान्यातून मिळणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शरीराचं मोजमाप करतं. कायद्याला हवा असतो कमाईचा हिशोब, आणि ही दोन मापं वेगळी आहेत. खांदा २० टक्के अधू झालेला कारकून आपलं काम करू शकेल. तोच खांदा मोल्डरचा असेल तर त्याचा धंदाच बसतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये एका सुताराच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली, असं न्यायालयाने मानलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून डॉक्टरांपुढे जाताना आपलं काम सविस्तर सांगायचं: किती किलो उचलतो, दिवसातून किती वेळा, हात किती उंच न्यावा लागतो. प्रमाणपत्रात या कामाचा उल्लेख आणि कमाईच्या घटीचा आकडा, दोन्ही यायला हवेत. वरच्याच उदाहरणात २० टक्के धरले तर ३ लाख ३१ हजार ५०६ रुपये होतात, ४० टक्के धरले तर ६ लाख ६३ हजार १२. मधला फरक एका नीट लिहिलेल्या परिच्छेदाचा आहे.

याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. तात्पुरत्या अधूपणात दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षं. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

“चूक तुझीच होती”

ही भरपाई कामगाराची चूक शोधून नाकारता येत नाही. घाई झाली, लक्ष गेलं, हात चुकीच्या जागी पडला, याने हक्क जात नाही. अडचण येते ती दारूच्या अमलात असताना, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला तर, किंवा मशिनचं गार्ड मुद्दाम काढलं तर. त्यातही मृत्यू आणि संपूर्ण कायमचं अधूपण अपवाद आहेत.

कामावर जाता-येता झालेला अपघात हा उचगावसारख्या महामार्गालगतच्या गावाचा रोजचा धोका. दुचाकीवरून पडल्यावर खांदा आणि हासळीचं हाडच आधी सापडतं. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निर्णय दिला. साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये कामावर जाताना रस्त्यात मरण पावला होता. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर असा अपघात कामावरचाच मानायचा, असं न्यायालयाने म्हटलं. रस्ते अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणाचा पर्यायही असतो, मात्र दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

आणि मिटवामिटवी? “एवढे घे आणि सही कर” असं म्हणून हातात ठेवलेली रक्कम घरच्या निकडीत मोठी वाटते. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल असतो, आणि जुन्या कायद्यानुसार भरपाईचा समझोता नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करायची नाही. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. अपिलासाठी मुंबई गाठण्याची पाळीही आता येत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच काम करतंय.

घरातली लढाई

दावा महिनोन्महिने चालतो, आणि त्या काळात घर चालवावं लागतं. खांद्याचं दुखणं रात्री वाढतं, त्या कुशीवर झोपता येत नाही. अंगात शर्ट घालायला, अंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो. या भागात अनेक घरांत दारात म्हैस असते, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं. धार काढायला दोन हात लागतात. कारखान्याचा पगार थांबतो तेव्हा हा जोडधंदाही बायकोच्या आणि पोरांच्या अंगावर पडतो, आणि त्याचा हिशोब कुठल्याच अर्जात लिहिला जात नाही. कर्ता माणूस चिडचिडा होतो, गप्प होतो, आपण ओझं झालो असं त्याला वाटू लागतं. हे मन हरण्याचे दिवस असतात आणि याच दिवसांत लोक थोड्या पैशांवर सही करतात.

म्हणून व्यायाम सोडायचा नाही. बरं झालो तर केस कमजोर होईल, ही समजूत घातक आहे. आखडलेला खांदा आयुष्यभर आपल्याकडेच राहणार आहे, आणि उपचार अर्धवट सोडले हा मुद्दा दाव्यातही विरोधात जातो. पूर्ण बरं नसताना ‘हलकं काम देतो’ म्हणून बोलावलं, तर डॉक्टरांकडून काय करायचं आणि काय नाही ते लेखी घेऊनच रुजू व्हावं. सावकाराच्या दारात जाण्याआधी तात्पुरत्या अधूपणाच्या रकमेचा अर्ज करावा. शेवटचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची त्यासाठी गरज नसते.

या सगळ्यात जखमी माणूस एकटा पुरा पडत नाही. त्याचा हात झोळीत असतो, डोकं काळजीत असतं, आणि कागद गोळा करायचे दिवस नेमके तेच असतात. कोल्हापूरच्या गावागावांत तालमी आहेत, मंडळं आहेत, महिला बचत गट आहेत. अपघात झाला की रक्ताच्या बाटलीसाठी धावणारी पोरं इथे क्षणात जमतात. त्याच तत्परतेने एकाने केसपेपर वाचून बघावा, एकाने मालकाला द्यायचं पत्र लिहावं, आणि शेजारच्या मशिनवरच्या सोबत्याने साक्षीला नाव द्यावं. उचगावच्या ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक मंडळाच्या फलकावर या तीन कामांचा एक कागद लागला, तर पुढच्या जखमी कामगाराचा हक्क पहिल्याच दिवशी सुरक्षित होईल.