हलालची मुद्रा आणि हिरवा ठिपका

आखातात नोकरीस असलेली मुले सुटीवर हैदराबादेस आली, की घरोघरी मिठाईची पाकिटे पोहोचतात. असेच मार्शमेलोचे एक पाकीट पुढे करून एका वृद्ध रुग्ण आजींनी मला विचारले, "डॉक्टर, आम्हांला चालेल ना हे?" हलालची मुद्रा पाहून, मागची बाजू न वाचताच, मी होकार दिला. रात्री घरी भाच्याने आणलेल्या तशाच पाकिटावरील बारीक अक्षरे वाचली. त्यांत गोवंशीय जिलेटिन होते. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या आजींना मी चुकीचा सल्ला दिला होता.

हलाल म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रानुसार ग्राह्य. डुकराचे घटक व मद्य त्यात निषिद्ध; परंतु विधिपूर्वक जबह केलेल्या गाईच्या कातडी-हाडांतील कोलॅजेनपासून केलेले जिलेटिन त्यात ग्राह्य ठरते. याउलट, मद्यार्क प्राणिजन्य नसल्याने शाकाहाराच्या व्याख्येत बसतो. हलालमध्ये मात्र नाही. थोडक्यात, एका खुणेवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

हिरवा ठिपका ही भारतीय कायद्याची खूण. २००१-०२ मध्ये ती व मांसाहाराचा तपकिरी ठिपका सक्तीचे झाले. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला. रंगांधांसाठी ही मोठीच सोय. या कायद्यात अंडे मांसाहारी; दूध, मध, मेण व लाखेचा लेप मात्र नाही. मध वर्ज्य मानणाऱ्या जैन बांधवांनी म्हणूनच ठिपक्यावर विसंबू नये. बर्फीवरील चांदीच्या वर्खासाठी प्राण्यांची आतडी वापरण्याची जुनी रीत होती. २०१६ मध्ये वर्ख बनविताना प्राणिजन्य वस्तू वापरण्यास बंदी आली.

परदेशी पाकिटावर ठिपका नसेल, तर घटकांची यादीच वाचावी लागते. ४२८ म्हणजे जिलेटिन. १२० हा कोचिनील किड्यांपासूनचा लाल रंग. क्वचित त्याची तीव्र ॲलर्जीही आढळते. ४०६ (अगर) व ४४० (पेक्टिन) वनस्पतिजन्य. ४७१ चा मात्र भरवसा नाही: त्यातील स्निग्धांश वनस्पतीचा असू शकतो वा प्राण्याचाही.

दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून मी आजींची क्षमा मागितली. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "मग तुम्ही दिलेल्या कॅप्सूलचं काय?" बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचेच असते आणि औषधांना ठिपक्याचे बंधन नाही. त्यांच्या औषधाची साधी गोळी मिळत होती. तीच लिहून दिली.